संकष्टीला पोट शांत, मग एरवी का नाही?

पत्र : ताई, नमस्कार. मी कराडची, वय ३८. पाटण तालुक्यातल्या एका शाळेवर शिक्षिका आहे. सकाळी सातची एस.टी. गाठायची असते आणि नेमकं तेव्हाच पोट बिघडतं. घरातून निघेपर्यंत तीन-चारदा जावं लागतं, तरी साफ झाल्यासारखं वाटत नाही. दुपारनंतर पोट टम्म फुगतं, कळा येतात, जाऊन आलं की कमी होतात. पाच वर्षं हेच चाललंय. सोनोग्राफी झाली, दुर्बिणीची तपासणी झाली, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे हळव्या आतड्याचा त्रास) आहे, टेन्शन घेऊ नका. सासूबाई म्हणतात, मनाचे खेळ आहेत. मी वांगं सोडलं, बटाटा सोडला, भात सोडला, फ्लॉवर सोडला. काहीही खाल्लं तरी बाधतंच. पौष्टिक म्हणून सकाळी मध-लिंबूपाणी, नाश्त्याला मोड आलेली मटकी, रात्री हळदीचं दूध घेते. त्रिफळा, बेलाचं चूर्ण, ओवा सगळं करून झालं. वर्षभरात वजन पाच किलो उतरलंय. फक्त संकष्टीला पोट अगदी शांत असतं. त्या दिवशी खिचडी, भगर, बटाट्याची भाजी खाते आणि चंद्रोदयानंतर नैवेद्याचं जेवते. पोटाला विश्रांती हवी असेल का? आठवड्यातून तीन उपवास करू का? मुळापासून बरं करणारा एखादा नैसर्गिक उपाय सांगा.

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा संकष्टीच्या ओळीपाशी थांबले. त्या दिवशी पोटाला विश्रांती मिळते म्हणता, पण दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, भगर आणि तुपातली बटाट्याची भाजी हे काही हलकं अन्न नाही. आणि बटाटा बाधतो म्हणून तुम्ही सोडलात ना? तोच बटाटा संकष्टीला चालतो. भात सोडलात, पण नैवेद्याचा वरण-भात पचतो. म्हणजे बटाट्याचा आणि भाताचा काही दोष नाही. मग त्या दिवशी तुमच्या ताटात काय नसतं, ते बघू या.

कांदा नसतो, लसूण नसतो. दिवसभर चपाती नसते, मटकीची उसळ नसते. आणि आपल्या सातारा-सांगलीकडच्या घरात बाराही महिने ज्या एका गोष्टीशिवाय भाजी होत नाही, ती चटणी नसते. चटणी म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला. वांगं असो, बटाटा असो, दोडका असो, आमटी असो, फोडणीत कांदा पडतो आणि वर चमचाभर चटणी. वांग्याची भाजी बाधली की आपण वांग्याला दोष देतो, दुसऱ्या दिवशी बटाटा बाधला की बटाट्याला. एकेक भाजी ताटातून हद्दपार होते, वजन उतरतं, आणि मसाल्यावर कुणाचा संशयच जात नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांच्या 'बाधणाऱ्या' पदार्थांची यादी अशीच लांबलेली असते आणि शोधत गेलं की त्या यादीच्या मुळाशी दोन-तीनच गोष्टी निघतात. तुमच्या बाबतीतही तसंच असावं असा माझा दाट संशय आहे. खात्री करून घ्यायची रीत पुढे सांगते.

पण त्याआधी वजनाचं बोलू. वर्षात पाच किलो वजन तुम्ही कमी खाल्ल्यामुळे उतरलं असेल, पण तसं गृहीत धरून चालणार नाही. निव्वळ आयबीएसमुळे वजन उतरत नाही. म्हणून माझा आहाराचा सल्ला सुरू करण्याआधी एकदा कराड, सातारा किंवा मिरजेच्या पोटविकारतज्ज्ञांकडे जा आणि वजनाची गोष्ट त्यांना स्वतःहून सांगा. हिमोग्लोबिन, सीआरपी (शरीरात कुठे सूज आहे का, ते दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड आणि शौचाची तपासणी झाली नसेल तर ती करावी लागेल. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन तपासलं की आतड्याला सूज आहे की नाही याचा चांगला अंदाज येतो. आपल्याकडे आतड्याचा क्षयही विसरून चालत नाही. शौचातून रक्त जाणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, बारीक ताप, रक्त कमी होणं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं, यातलं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवून सरळ डॉक्टरांकडे जा.

आणखी एक तपासणी आहे आणि ती गहू बंद करण्याच्या आधीच करायची आहे. सीलिअॅक नावाच्या आजारात गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे आतड्याचं अस्तर खराब होतं आणि त्याची लक्षणं आयबीएससारखीच दिसतात. टीटीजी नावाच्या रक्ततपासणीत तो कळतो. पण आधीच चपाती बंद केली असेल तर आजार असूनही तपासणी नॉर्मल येऊ शकते. म्हणून चपाती नेहमीसारखी खात असतानाच रक्त द्या. खूप लोक उलटं करतात आणि मग नक्की काय आहे ते कळतच नाही.

आता सासूबाईंच्या 'मनाचे खेळ'बद्दल. हे वाक्य तुम्हाला किती लागलं असेल, ते मला कळतं. तसं ते नाही. गहू, कांदा आणि लसणात फ्रुक्टन नावाची शर्करा असते. ती तोडणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या पोटात नसतंच. तुमच्या नसतं तसं सासूबाईंच्याही नसतं. कडधान्यातल्या काही शर्करांचंही तसंच. या शर्करा न पचता पुढे सरकतात, आपल्याबरोबर पाणी ओढून नेतात, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. हे सगळ्यांच्याच पोटात होतं. फरक पुढे आहे. आयबीएस असलेल्या माणसाच्या आतड्याच्या नसा जास्त हळव्या असतात. मोठ्या आतड्याच्या टोकाशी छोटा फुगा फुगवून पाहिलेल्या प्रयोगांत, निरोगी माणसाला जेवढ्या ताणाचं काही वाटत नाही तेवढ्याच ताणाने या रुग्णांना कळ येते, असं दिसलं. म्हणजे वायू तेवढाच, पण दुखणं खरं. आतडं आणि मेंदू यांच्यात नसांचं दळणवळण सतत चालू असतं, त्यामुळे काळजीने ते वाढतं हेही खरंच. पण वाढणं वेगळं आणि मनातून उपजणं वेगळं. हा परिच्छेद घरात वाचून दाखवा.

अशा न पचणाऱ्या, आंबणाऱ्या शर्करांना मिळून फॉडमॅप म्हणतात. हे नाव आणि त्यावरून बेतलेला आहार ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ च्या सुमारास पुढे आणला. आज आयबीएससाठी सगळ्यांत जास्त पारखला गेलेला आहार हाच आहे आणि निम्म्याहून अधिक लोकांना त्याने आराम पडतो. मात्र त्यांच्या याद्यांमध्ये पाव, पास्ता, चीज असतं. ती यादी कराडच्या स्वयंपाकघरात चिकटवून उपयोग नाही. आणि गरजही नाही, कारण आपल्याकडे तो स्वयंपाक पिढ्यान्‌पिढ्या होत आलाय. कांदेनवमीला कांदाभजी खाऊन आषाढी एकादशीपासून कांदा-लसूण बंद करायचं, चार महिने नैवेद्यासारखा स्वयंपाक करायचा, हे सासूबाईंना तुमच्यापेक्षा जास्त चांगलं येतं. त्यांना फॉडमॅप समजावत बसू नका. 'आई, महिनाभर चातुर्मासासारखं रांधू या,' एवढंच म्हणा.

तर चार आठवडे, फार तर सहा, असं करा. चपातीऐवजी शाळूची भाकरी. तुम्ही सोडलेला भात परत आणा. वरण मुगाच्या डाळीचं, पातळ, वाटीभरच. डाळ अर्धा तास भिजवून ते पाणी ओतून द्या. भाज्यांत तुम्ही घालवून दिलेलं वांगं आणि बटाटा दोन्ही परत घ्या, शिवाय गाजर, काकडी, पालक, फरसबी. फ्लॉवरवरचा तुमचा संशय मात्र खरा आहे, त्यात मॅनिटॉल नावाची वेगळी शर्करा असते, तो तूर्त नको. मासे, अंडी, चिकन यांत या शर्करा नसतात. त्या असतात कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, म्हणून रस्सा न घेता हळद-मीठ-आलं लावून भाजलेलं किंवा परतलेलं घ्या.

चवीचं काय, हा प्रश्न तुमच्या घरात पहिल्याच दिवशी येईल. चटणीच्या जागी गोडा मसाला वापरा; धने, तीळ, खोबरं, दगडफूल, लवंग, दालचिनी, त्यात कांदा-लसूण नसतोच. तिखटासाठी नुसती ब्याडगीची पूड, तीही बेताने, कारण मिरचीनेही हळव्या आतड्याला कळ येते. लसणाची चव सोडवत नसेल तर एक युक्ती आहे. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून गरम तेलात लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तांबूस होईस्तोवर परता, मग सगळ्या काढून टाका आणि त्या तेलात फोडणी करा. स्वाद तेलात उतरतो, त्रास पाकळ्यांबरोबर बाहेर जातो. मात्र पाणी घालण्याआधीच पाकळ्या काढायच्या, आणि असं तेल बाटलीत भरून ओट्यावर ठेवायचं नाही, त्यात घातक जिवाणू वाढू शकतात. रोजच्या रोज करा. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग चालतो. हिंग चिमूटभर घाला. बाजारच्या खड्याशिवायच्या हिंगात बहुतेक वेळा मैदा मिसळलेला असतो, पण चिमटीने काही होत नाही. सीलिअॅकची तपासणी पॉझिटिव्ह आली तर मात्र तोही तपासून घ्यावा लागेल.

आता तुमच्या 'पौष्टिक' गोष्टी. तिन्ही चांगल्या आहेत, पण तुमच्यासाठी आत्ता नाहीत. मधात फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा जास्त असतं आणि असं जास्तीचं फ्रुक्टोज पुष्कळांना नीट शोषता येत नाही. एस.टी.च्या तासभर आधी रिकाम्या पोटी मधाचं पाणी म्हणजे दुखण्याला आमंत्रणच. मटकीला मोड आणले की वायू करणाऱ्या शर्करा कमी होतात, नाहीशा होत नाहीत, आणि तुम्ही ती रोज सकाळी खाताय. हळदीच्या दुधात अडचण दुधाची आहे. मोठेपणी दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं विकर आपल्यातल्या पुष्कळांत कमी होतं. संकष्टीला तुम्ही रात्रीचं दूध घेता की नाही, ते लिहिलं नाहीत, आठवून पाहा. घरी नीट लागलेल्या दह्याचं पातळ ताक, जिऱ्याची पूड घालून, बहुतेकांना चालतं. साताऱ्याचे कंदी पेढे एवढे दिवस लांब ठेवा. फळांत आंबा, सफरचंद, कलिंगड नको. पपई, संत्रं, अननस चालेल, एका वेळी वाटीभर. केळं घट्ट असेल तर घ्या, फार पिकलेलं नको.

गव्हाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण 'ग्लुटेन वाईट' हे आता प्रत्येकाच्या तोंडी आहे. २०१८ साली नॉर्वेतल्या संशोधकांनी, सीलिअॅक नसताना गहू बाधतो म्हणणाऱ्या ५९ जणांना सारख्याच दिसणाऱ्या वड्या खायला दिल्या. काहींत ग्लुटेन, काहींत फ्रुक्टन, काहींत दोन्ही नाही. जास्त त्रास झाला तो फ्रुक्टनच्या वड्यांनी. म्हणजे तुमची सीलिअॅकची तपासणी नॉर्मल आली तर गहू हा तुमचा जन्माचा वैरी नाही. प्रश्न फक्त किती, एवढाच राहतो.

तीन उपवासांचं मात्र करू नका. दिवसभर पोट रिकामं, चहावर चहा, मग एकदम तुपकट खिचडी, याने आतडं आणखी बिथरतं. वजन उतरत असताना तर मुळीच नाही. तुम्हाला उपवासाचा नाही, उपवासाच्या स्वयंपाकाचा गुण येतोय. वेळेवर, थोडं थोडं, सावकाश चावून जेवा. चहा दिवसात तीन कपांच्या वर नको.

नैसर्गिक उपाय विचारलात. सगळ्यांत भरवशाचा आहे तो इसबगोल. तो पाण्यात फुगून बुळबुळीत होतो, त्यामुळे पातळ शौच बांधून येतं आणि कठीण शौच मऊ होतं, म्हणून दोन्ही तऱ्हेच्या आयबीएसमध्ये तो देतात. रात्री एक चमचा मोठ्या पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्या. कोरडा कधीच गिळू नका, घशात अडकतो. पहिले काही दिवस पोट जरा जड वाटेल, मग दर आठवड्याला अर्धा चमचा वाढवत दोन चमच्यांपर्यंत जा. इतर औषधं चालू असतील तर मध्ये तासभर तरी अंतर ठेवा. गव्हाचा कोंडा मात्र खाऊ नका. 'फायबर घ्या' म्हणून तो सुचवला जातो, पण आयबीएसमध्ये त्याने फुगणं वाढतं.

दुसरा उपाय पुदिन्याच्या तेलाचा. त्यातलं मेंथॉल आतड्याचे आकडलेले स्नायू सैल करतं. आतड्यात गेल्यावरच उघडणाऱ्या कॅप्सूल मिळतात आणि कळांवर त्यांचा उपयोग चाचण्यांमध्ये दिसलाय. घरच्या पुदिन्याच्या काढ्यात तेवढी ताकद नसते, तरी जेवणानंतर कपभर घेतलात तर बरं वाटेल. छातीत जळजळ होत असेल तर दोन्ही नकोत. ओवा, बडीशेप, जिऱ्याचं पाणी यांवर मोठे अभ्यास झालेले नाहीत, पण चिमूटभर ओव्याने वायू सरतो असं तुम्हाला जाणवत असेल तर खुशाल घ्या. आजीच्या बटव्यातलं हे निरुपद्रवी आहे.

त्रिफळा मात्र आजपासून बंद. सकाळी तीन-चारदा जावं लागणाऱ्या बाईने सारक चूर्ण घ्यायचं कशाला? साफ झाल्यासारखं वाटत नाही म्हणून तुम्ही ते घेता, पण ती जाणीव त्या हळव्या नसांची आहे, पोटात काही उरलेलं असतंच असं नाही. 'पोट साफ' नावाने मिळणाऱ्या पुष्कळ चूर्णांत सोनामुखीही असते. बेल स्तंभक, म्हणजे शौच बांधणारा, म्हणून परंपरेने देतात, कुडाही देतात. घ्यायचंच असेल तर वैद्यांना नाडी दाखवून, आणि डॉक्टरांना सांगून. त्रिफळा आणि बेल दोन्ही एकदम घेणं म्हणजे एकाने ढकलायचं आणि दुसऱ्याने धरायचं.

हळदीबद्दल आम्हा सांगलीकरांना अभिमान आहे. सांगलीजवळच्या हरिपूरच्या जमिनीतल्या पेवांत एके काळी ती साठवली जायची, आणि आता तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. फोडणीतली हळद रोज खा. पण अर्काच्या जास्त ताकदीच्या गोळ्या, त्यातही मिरीचा अर्क मिसळलेल्या, स्वतःच्या मनाने घेऊ नका. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. आणि डॉक्टरांनी कळ थांबवायची गोळी दिली असेल तर ती नैसर्गिक नाही म्हणून पर्समध्येच ठेवू नका, घ्या.

राहिली सातची एस.टी. सकाळी काहीही पोटात गेलं की मोठं आतडं जोरात आकुंचन पावतं, ती शरीराची रीतच आहे, आणि सकाळी ती सगळ्यांत तीव्र असते. तुम्ही चहा-नाश्ता उरकून पाच मिनिटांत स्टँडकडे धावत असाल तर तो जोर नेमका रस्त्यात येतो. पाऊण तास आधी उठा, कोमट पाणी आणि थोडं खाणं साडेपाचलाच घ्या आणि मग घरातच वावरा. तो जोर घरी ओसरू द्या. गाडीत बसल्यावर पोट फुगवून सावकाश श्वास घ्या, सोडताना दुप्पट वेळ लावा, दहा वेळा. शाळेतल्या स्वच्छतागृहाची आणि पाण्याची सोय मुख्याध्यापकांशी मोकळेपणाने बोलून घ्या. जवळ स्वच्छतागृह आहे हे माहीत असलं की अर्धी धास्ती जाते आणि धास्तीबरोबर कळही उतरते. हे मागताना लाजण्यासारखं काही नाही.

चार-सहा आठवड्यांनी काही फरक पडला नाही तर हा आहार सोडून द्या, तो तुमच्यासाठी नाही, आणि डॉक्टरांशी पुढच्या उपचारांचं बोला. फरक पडला तरीही तो तसाच चालू ठेवायचा नाही, कारण याच शर्करांवर पोटातले चांगले जिवाणूही जगतात. एकेक पदार्थ परत आणायचा. आधी दूध : पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक. मग दोन दिवस थांबा आणि वहीत लिहा, कळ आली का, कधी आली. त्रास झाला तर तिथेच थांबा. मग चपाती, तशीच अर्धीपासून. मग शिजवलेला लसूण, मग कांदा, आणि सगळ्यांत शेवटी कडधान्यं. कोरेगावचा वाघ्या घेवडा आणि हायवेवरच्या ढाब्याचा अख्खा मसूर त्यातही शेवटी, कारण त्या वाटीत कडधान्य, कांदा, लसूण तिन्ही एकत्र असतात आणि बाधलं तर कुणामुळे ते कळणार नाही. बहुतेकांना सगळं बाधत नाही. कुणाला लसूण चालतो, कांदा चालत नाही. कुणाला चमचाभर चटणी पचते, तीन चमचे पचत नाहीत. तुमचा चमचा किती, तो तुमच्या वहीत सापडेल.

आणि उन्हाळ्यात वर्षाचा मसाला कांडपाला न्याल, तेव्हा मिरची, धने, खोबरं, खडा मसाला आधी कुटून घ्या. त्यातला दोन किलो तुमच्यापुरता वेगळ्या बरणीत काढा, आणि मगच उरलेल्यात तळलेला कांदा आणि लसूण घाला.